अफवा आणि पोलीस यांच्या मधला तास

28 ऑक्टोबर 2008, दिवाळीचा दिवस. खोपोलीहून मुंबईला निघालेल्या लोकलमध्ये उत्तर प्रदेशातला एक तरुण मजूर आपल्या सोबत्यांबरोबर बसला होता. मुंबई गाठून पुढे गावाकडची गाडी धरायची होती. वाटेत काही प्रवाशांशी बसायच्या जागेवरून बाचाबाची झाली, ती हातघाईवर आली आणि मार खाऊन तो तरुण मेला. भांडण जागेवरून झालं, भाषेचा-प्रांताचा काही संबंध नाही, असं रेल्वे पोलीस म्हणाले. तो परप्रांतीय होता म्हणूनच मारला गेला, असं उत्तरेतले पुढारी म्हणाले.

कोणाचंही वकीलपत्र न घेता एवढं म्हणता येतं, की कर्जत-खोपोलीच्या गाडीत जागेवरून वाद होत नाही असा दिवस विरळा. शिव्या होतात, कॉलर धरली जाते आणि बदलापूर येईस्तोवर मंडळी पुन्हा पत्त्यांच्या डावाला लागतात. एवढ्यावरून माणूस मरायचा तर भांडणाच्या बाहेरचं काहीतरी लागतं. त्या ऑक्टोबरात ते हवेत भरपूर होतं. 19 तारखेला रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबई परिसरातल्या केंद्रांवर मारहाण झाली होती. 21 तारखेला त्या प्रकरणी राज ठाकरे यांना अटक झाली आणि त्यावरून ठिकठिकाणी दगडफेक. 27ला कुर्ल्यात बसमध्ये पिस्तूल घेऊन चढलेला पाटण्याचा एक तरुण पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी खोपोली लोकल. भांडण जागेचं असेल, पण कोणावर हात उचलला तर चालून जाईल याचं उत्तर आठवडाभर आधीच सगळ्यांना पाठ झालेलं होतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अशीच लाट येऊन गेली होती. नाशिक-पुण्याकडून हजारो मजूर मिळेल त्या गाडीने गावी पळाले आणि कारखान्यांत पाळ्या चालवायला माणसं मिळेनात. तेव्हा नाशिकजवळ एसटीवर झालेल्या दगडफेकीत जो दगावला, तो एचएएलमध्ये नोकरी करणारा मराठी माणूस होता.

हे अपवादानं घडलं असं वाटेल, पण जगभर हेच दिसतं. दक्षिण आफ्रिकेत मे 2008 मध्ये जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा वस्तीत परदेशी मजुरांवर हल्ले सुरू झाले, ते देशभर पसरले आणि 62 माणसं मेली. त्यांतली 21 दक्षिण आफ्रिकेचीच नागरिक होती. कोण आपला आणि कोण बाहेरचा हे जमाव कागदपत्रं पाहून ठरवत नाही. ज्याला त्या क्षणी कोणी ओळखत नाही, तो बाहेरचा.

आता त्या खोपोलीच्याच परिसरातल्या लोधिवलीकडे येऊ. खालापूर तालुक्यातलं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं, चौकजवळचं हे गाव बहुतेकांना इथल्या धीरूभाई अंबानी रुग्णालयामुळे माहीत असतं. एका अंगाला रसायनी, मोहोपाडा, पाताळगंगेचा कारखान्यांचा पट्टा. दुसऱ्या अंगाला इर्शाळगड आणि माथेरानच्या डोंगरातल्या ठाकर-कातकरी वाड्या. कारखान्यांत ठेकेदाराची माणसं येतात उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, बंगालमधून. बांधकामावरही तीच. कर्जतकडच्या फार्महाऊसवर नेपाळचा राखणदार दिसतो. त्याच वेळी वाड्यांवरचे कातकरी दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीला किंवा घाटावर कोळशाच्या भट्टीला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आणि जुन्या पिढीतली कोकणची कितीतरी घरं मुंबईच्या गिरण्यांवर चालली. येणारे आणि जाणारे, दोन्ही एकाच रस्त्यावरचे. हे काही कालपरवाचं नाही. 1856 ते 1863 या काळात बोरघाटातून रेल्वे चढवली गेली, ती हजारो परगावच्या मजुरांच्या हातांनी, आणि त्यांतले फार मोठ्या संख्येने पटकी-हिवतापाने तिथेच गेले. कर्जत हे स्टेशन म्हणून नावारूपाला आलं ते या घाटामुळे.

म्हणजे परका माणूस इथे नवा नाही. तरी धोका आहे. तो कसा तयार होतो आणि कुठे मोडतो, हे समजायला महाराष्ट्रातलाच एक रविवार पुरेसा आहे.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे उतरले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. या समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या अशीच गावोगाव फिरतात. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून कोणीतरी ओरडलं. जमावाने पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेच त्यांचा जीव घेतला. हे मराठी बोलणारे होते, बहुतेक याच राज्याचे होते. उपयोग झाला नाही.

त्याच रात्री, तिथून फार लांब नसलेल्या मालेगावात, परभणी जिल्ह्यातून आलेल्या एका कुटुंबाला लोकांनी घेरलं. पाच जण, त्यांत एक लहानगं मूल. संशय तोच, मुलं पळवण्याचा. हजारावर माणसं जमली. मात्र इथे वस्तीतल्याच काही लोकांनी त्या कुटुंबाला ओढून एका घरात घेतलं, दार लावून घेतलं आणि पोलिसांना कळवलं. पोलीस आले तर जमाव त्यांच्यावरही उलटला, गाडीची नासधूस झाली. पण पाचही जण जिवंत बाहेर आले.

दोन्हीकडे पाच माणसं, अफवा एक, दिवस एक. शिक्षण, गरिबी, भडकपणा यांत राईनपाडा आणि मालेगाव यांच्यात फार अंतर होतं असं मानायला जागा नाही. मालेगावची गर्दीही लहान नव्हती. फरक इतकाच, की एका ठिकाणी कोणीतरी दार उघडलं आणि मग बंद केलं. बंद दारामागे मिळालेला वेळ पोलीस पोहोचायला पुरला. अशा हिंसेबद्दल बोलताना आपण मनं बदलायच्या, द्वेष संपवायच्या मोठ्या गोष्टी करतो. मला त्या खोट्या वाटत नाहीत, पण त्या पिढीभराच्या आहेत. जीव वाचतो किंवा जातो तो अफवा पोहोचल्यापासून पोलीस पोहोचेपर्यंतच्या तासाभरात, आणि त्या तासात काय होणार हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं.

2020च्या एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली. टाळेबंदीत रात्री आडवाटेने निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीवान चोर किंवा मुलं पळवणारे समजून अडवले गेले. गावच्या सरपंच बाईंनी लोकांना थोपवायचा प्रयत्न केला. पोलीसही पोहोचले. पण गर्दीपुढे ते मूठभर होते आणि त्यांच्या देखत तिघे मारले गेले. एकट्या माणसाचं धैर्य पुरत नाही, पोलिसांचं नुसतं येणंही पुरत नाही.

मग काय पुरतं? दक्षिण आफ्रिकेतल्या हल्ल्यांनंतर तिथल्या संशोधकांनी जिथे हिंसा झाली त्या वस्त्या आणि शेजारच्या, तितक्याच गरीब, तितकेच परके राहत असलेल्या पण शांत राहिलेल्या वस्त्या यांची तुलना केली. बेकारी दोन्हीकडे होती, परक्यांवरचा रागही होता. हिंसा मात्र तिथे झाली, जिथे स्थानिक दादा किंवा पुढारी मंडळींना त्यातून जागा, दुकानं किंवा वजन मिळवायचं होतं आणि त्यांनी आधी बैठका घेऊन माणसं जमवली होती. जिथे लोकांचा विश्वास असलेलं नेतृत्व वेळेवर उभं राहिलं, तिथे हल्ला सुरूच झाला नाही किंवा लगेच थांबला. राग आपोआप पेटतो, हा समज पेटवणाऱ्याच्या सोयीचा आहे. गुजरातमध्ये सप्टेंबर 2018 मध्ये हिंमतनगरजवळ एका चौदा महिन्यांच्या बालिकेवर अत्याचार झाला, बिहारचा एक मजूर पकडला गेला, आणि पुढच्या काही दिवसांत साबरकांठापासून अहमदाबादपर्यंत हिंदी बोलणाऱ्या मजुरांवर हल्ले होऊन हजारो लोक राज्य सोडून गेले. आरोपी केव्हाच कोठडीत होता. त्याच्यावरचा राग बाकीच्या हजारोंकडे वळला तो आपसूक नव्हे. भडकवणारे संदेश पाठवल्याबद्दल पोलिसांना माणसं पकडावी लागली.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या अनुभवात याचं सर्वांत चांगलं उदाहरण भिवंडीचं आहे, आणि आपण ते विसरत चाललोय याचं मला नवल वाटतं. 1970 आणि 1984 मध्ये भिवंडी दंगलींनी होरपळली. यंत्रमागांचं हे गाव म्हणजे निम्मं बाहेरून आलेल्यांचंच, उत्तर प्रदेशाचे मोमीन, तेलंगणाचे पद्मशाली. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला-मोहल्ल्यात समित्या काढल्या. त्यांत मिरवणारे पुढारी घेतले नाहीत. त्या त्या गल्लीत रोज उठबस करणारी साधी माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि प्रत्येक समितीशी एक पोलीस जोडून दिला. समित्यांनी काय केलं? बहुतेक वेळ काहीच भव्य नाही. नळावरची भांडणं, पैशाच्या देण्याघेण्याचे तंटे, पोरांच्या मारामाऱ्या. चार वर्षं हे चाललं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये पन्नास किलोमीटरच्या आतली मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी पुढे यावर पुस्तकच लिहिलं. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या अभ्यासात भिवंडीची दखल घेतली. त्यांचं निरीक्षण असं, की खेड्यात रोजची ये-जा, रामराम पुरतो. शहरात तेवढ्याने भागत नाही, तिथे दोन्ही समाज एकत्र असलेल्या संस्था, संघटना, समित्या असाव्या लागतात.

लोधिवलीसारख्या गावांची अडचण इथेच आहे. नकाशावर ती खेडी आहेत, राहणीने औद्योगिक उपनगरं होऊ लागली आहेत. चाळीतल्या खोलीत राहणारा भाडेकरू सहा महिन्यांनी बदलतो. त्याची पाळी रात्रीची, गावाची उठबस दिवसाची. खोलीमालकाला भाडं गुगल पेवर येतं. माणूस समोर न येताही महिना पार पडतो. रोजच्या रामरामाची जुनी खेड्याची यंत्रणा गेली आणि शहरी संस्था आलेल्या नाहीत.

तरी सरकारी चौकटीत काही खुंट्या आधीच ठोकलेल्या आहेत. 1967च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार पोलीस पाटील आहे. गावातल्या शांततेला धोका दिसला तर ठाण्याला कळवणं हे त्याचं काम. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 2007 मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या अनेक गावांत कागदोपत्री अजून आहेत. या समित्यांत चाळीतला एखादा जुना बिहारी फोरमन, वीटभट्टीचा मुकादम, किराणा दुकानदार कधी बसला तर भिवंडीचा धडा गिरवल्यासारखं होईल. खरं तर दुकानदार महत्त्वाचा. गावातला आणि चाळीतला, दोघेही त्याच्या वहीत उधारीला असतात. दोघांचीही नावं तोंडपाठ असलेला तो बऱ्याचदा एकटाच माणूस. जिल्हा परिषदेची शाळा ही दुसरी जागा. बाहेरून आलेल्या मजुराचं पोर वर्षभरात मराठी बोलू लागतं आणि पालकसभेला आईला घेऊन येतं. त्या आईची वर्गातल्या चार बायांशी ओळख झाली, की तिच्या नवऱ्याबद्दल रात्री उठलेली वावडी चारही घरांत तितक्या सहज खरी वाटत नाही.

भाडेकरूंची नोंद पोलिसांकडे करणं खोलीमालकाची जबाबदारी असते. ही नोंद चुकवण्याकडे कल असतो, कारण मालकाला कटकट नको असते. पण नोंद असली तर संशयाच्या वेळी उत्तर ठाण्यात मिळतं, चावडीवर नाही. एक सावधगिरी मात्र हवी. हीच यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली तर ती मारहाणीची यादी होऊ शकते. नोंद पोलिसांसाठी आहे, गावासाठी नाही. कोणाला थांबवून आधार दाखव म्हणायचा अधिकार रस्त्यावरच्या कोणालाही नाही, मग त्याच्या गळ्यात कुठल्याही रंगाचा पट्टा असो. कागद असूनही काय होतं ते 2025च्या जूनमध्ये दिसलं. मुंबई परिसरात काम करणारे पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून थेट सीमेपार पाठवले गेले आणि तिथल्या राज्य सरकारने नागरिकत्वाची खात्री पटवल्यावर परत आणावे लागले. यंत्रणेच्या हातून असं होतं, तर चौकातल्या टोळक्याकडून काय अपेक्षा करायची.

अफवेचं म्हणाल तर 2018 मध्ये देशभर फिरलेली सर्वांत प्रसिद्ध चित्रफीत मोटारसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्या दोघांची होती. ती मुळात कराचीतली, मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करणारी जाहिरात. शेवटी ते दोघे मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात. तेवढा शेवट कापला होता. राईनपाड्यानंतर त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला सुरुवात केली. उपाय बरा होता, पण गावच्या ग्रुपमध्ये दोनशे माणसं असतात आणि पाच ग्रुप म्हणजे आख्खं खोरं. ग्रुप चालवणाऱ्याने 'हे खोटं आहे' असं पहिल्या पाच मिनिटांत लिहिणं आणि पोलीस पाटलाला फोन करणं, याला पर्याय नाही. याच खालापुरात याच फोनचा दुसरा वापर रोज होतो. खोपोलीची 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' ही संस्था द्रुतगती मार्गावर किंवा बोरघाटात अपघात झाला की एका संदेशावर माणसं गोळा करते. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हाही इथले स्वयंसेवक अंधारात डोंगर चढून गेले. घाटात उलटलेल्या ट्रकमधला ड्रायव्हर हरियाणाचा की तमिळनाडूचा, हे त्याला बाहेर काढून झाल्यावर कळतं. पंधरा मिनिटांत माणसं जमवायचं कसब तालुक्याकडे आहे. गर्दीत सापडलेल्याला बाहेर काढायलाही नेमकं तेच लागतं: आधी ठरलेली चार माणसं, आत घेता येईल असं शटर किंवा दार, 112 वर फोन, आणि 'पोलीस निघालेत' हे मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगणं. ते ऐकलं की मागे उभे असलेले बघे पांगायला लागतात. पुढच्या चौघांचा जोर बराचसा त्या बघ्यांवर असतो. लांबून केलेलं चित्रीकरण पुढे पुरावा ठरतं.

कायदा या सगळ्याच्या मागून येतो, पण तो आता पूर्वीपेक्षा स्पष्ट आहे. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, 17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणात निकाल दिला: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून खालचा नसलेला समन्वय अधिकारी, पूर्वी असे प्रकार घडलेल्या भागांची यादी, जमाव पांगवण्याची जबाबदारी, पीडितांना भरपाई, आणि शक्यतो सहा महिन्यांत खटल्याचा निकाल. खालापूर ज्यात येतं त्या रायगड जिल्ह्यासाठी हे दार अलिबागला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103(2) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. जीव गेला नाही पण गंभीर दुखापत केली, तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा. गर्दीत कोणाचं नाव लागत नाही, हा जुना दिलासा त्यामुळे कमी झाला. राईनपाड्याच्या खटल्यात फेब्रुवारी 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. सहा महिन्यांच्या जागी साडेपाच वर्षं लागली.

एक गोष्ट उरते आणि ती टाळून हा विषय बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. पाताळगंगेच्या पट्ट्यात ज्यांच्या जमिनी कारखान्यांना गेल्या, त्यांच्या नातवाला गेटवरून परत पाठवलं जातं आणि ठेकेदाराची बस परराज्यातली माणसं भरून आत जाते, हे दुखणं खरं आहे. राज्याचं धोरण कित्येक दशकं असं आहे, की सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, आणि स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षं अधिवास असलेला. कायमची भरती कमी करून काम ठेक्यावर दिलं की या आकड्यातला जीव निघून जातो. ठेकेदाराला बाहेरचा मजूर हवा असतो तो चांगला म्हणून नव्हे. तो चाळीतच राहतो, बारा तास देतो, सणाला सुट्टी मागत नाही आणि कमी पैशांत तक्रार करत नाही. परराज्यातल्या मजुरांसाठीचा 1979चा कायदा, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेली कामगार संहिता, ठेकेदाराकडून नोंदी, प्रवासभाडं, बाकी कामगारांसारखेच लाभ मागते. हे पाळलं गेलं तर बाहेरचा मजूर स्वस्त राहत नाही, आणि स्थानिक पोराची गेटवरची अडचण निम्मी तिथेच संपते. म्हणून त्या पोराचा खरा जोडीदार चाळीतला बिहारी आहे, त्याचा शत्रू नाही, आणि दोघांनी एकत्र अर्ज करायची जागा कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. खालापूरमधल्या जमीन गेलेल्यांच्या संघटनांनी ठेकेदारांची हजेरीपुस्तकं तपासा, अशी मागणी उद्या केली, तर त्या मागणीखाली हिंदीत सही करणारेही पुष्कळ मिळतील.